मदत हवी आहे: माळ्यावर सापडलेल्या जुन्या मॅचबॉक्स गाड्या

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या जुन्या घराचा माळा आवरताना बाबांच्या लहानपणीच्या खेळण्यातल्या सात डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेल्या) गाड्या सापडल्या. बुडाला 'मॅचबॉक्स, लेस्नी, मेड इन इंग्लंड' असं कोरलंय. लेस्नी कंपनी १९८२ मध्ये बुडाली, म्हणजे गाड्या त्याआधीच्या. दोघींची चाकं जुन्या धाटणीची आहेत, १९६९ ला मॅचबॉक्सची 'सुपरफास्ट' (जोरात पळणारी) चाकं यायच्या आधीची असावीत.

रंग उडालाय त्याचं काही नाही. बाबांनीच ओट्यावर आपटलेल्या आहेत! पण चाकांचे आस गंजलेत, आणि एका ट्रकच्या छतावर केसासारखी बारीक चीर दिसतेय. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या, आणि त्यात शिसं मिसळलं असलं की धातू आतून फुटत जातो म्हणे. हे तेच का? पसरतं का? बाकीच्यांपासून वेगळी ठेवू?

भांडी बाजारात एक काका म्हणाले, चिंचेने घासा. तांब्या-पितळेला ठीक, पण आंबट जस्ताला खातं, म्हणून हात लावला नाही.

रिव्हेट (बूड आणि वरचा भाग जोडणारी खीळ) ड्रिल करून गाडी उघडणारं नाशकात कोणी आहे का? आणि पावसाळ्यात तुम्ही गाड्या कशात ठेवता? नवा रंग मात्र देणार नाही, बाबा घरात घ्यायचे नाहीत.