वंशसंहार प्रतिबंधावर अकरावी-बारावीसाठी कार्यशाळा: काय घ्यावं, काय टाळावं?

अंत्रुजकर
फोंडा तालुक्यातलं उच्च माध्यमिक. ९ डिसेंबर (१९४८ साली वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला तो दिवस) आणि १० डिसेंबर, मानवाधिकार दिन, असे दोन दिवस जोडून दीड-दीड तासाची दोन सत्रं मिळाली आहेत. एका तुकडीत २८ मुलं. भाषण आणि फोटोंचं प्रदर्शन सोडून काय करता येईल? दुसरं, इन्क्विझिशन (पोर्तुगीज काळातलं गोव्यातलं धर्मन्यायासन) घ्यावं का? काही पालकांना ते हवंच आहे, काहींना अजिबात नको. आणि दोन मुली विचारतायत, या क्षेत्रात नोकरी असते का?

चिठ्ठीवाला
फोटो नकोत, हे उत्तम. कवट्यांचे ढीग पाहून मुलं मान तरी फिरवतात, नाहीतर 'हे कुठल्यातरी राक्षसांनी केलं' एवढंच घेऊन घरी जातात. प्रतिबंधाचं काम त्या फोटोच्या कैक वर्षं आधीचं. सत्रही तिथूनच सुरू करा.

पहिल्या दिवशी 'एक पाऊल पुढे'. १४ भूमिका, प्रत्येकीच्या दोन चिठ्ठ्या, कुणाची जोडी कुणाशी ते मुलांना सांगायचं नाही. भूमिका इथल्याच हव्यात: माळीमच्या ट्रॉलरवरचा ओडिशाचा खलाशी, खाणी बंद पडल्यावर ट्रक विकलेल्या माणसाची मुलगी, मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) घरातली आजी, कॅसिनोत काम करणारा मणिपूरचा तरुण, पर्वरीच्या सचिवालयातला कारकून, धनगर वाड्यावरचा नववीतला मुलगा. चिठ्ठीवर धर्म-जात लिहू नका. मुलं ती मनातल्या मनात भरतात, आणि काय भरलं हेच नंतर विचारायचं असतं.

मग विधानं वाचायची. 'रात्री पोलिसांनी अडवलं तर मला भीती वाटत नाही.' 'खोली भाड्याने घेताना आडनाव सांगायला मी कचरत नाही.' 'पंचायतीत माझ्या ओळखीचं कुणीतरी आहे.' लागू असेल त्याने पुढे सरकायचं. १८ विधानं पुरेत, त्याच्या वर गेलात की मागे खुसपूस सुरू होते. पाऊल म्हणजे टाचेला अंगठा लावून. मोठी पावलं टाकली तर सभागृह पुरत नाही. शेवटी जोड्या उघड करा. एकच भूमिका असून एक जण पुढे, दुसरा मागे का, यावर चर्चा आपोआप पेटते. चर्चेला निदान ३५ मिनिटं राखा. बहुतेक सत्रं इथेच फसतात: खेळ रंगतो, घंटा होते, चर्चा राहून जाते.

दोन धोके. ज्याच्या घरची परिस्थिती चिठ्ठीसारखीच आहे त्याच्या हातात ती पडू देऊ नका. चिठ्ठ्या वाटताना 'सहज' वाटल्यासारखं दाखवा, पण ठरवून द्या. आणि संपल्यावर प्रत्येकाने चिठ्ठी परत देऊन आपलं खरं नाव मोठ्याने सांगायचं. हे टाळलं तर पुढचे दोन महिने एखाद्याला 'ए खलाशी' म्हणूनच हाक मारतात.

दुसऱ्या दिवशी रवांडा, म्हणजे १९९४ मध्ये तिथे झालेला तुत्सींचा वंशसंहार, पण मृतांच्या आकड्यापासून नव्हे. फळ्यावर तारखांची पट्टी काढा: १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रावर हुतू-तुत्सी नोंदवणं, ऑक्टोबर १९९० मध्ये यादवी सुरू, जुलै १९९३ मध्ये आरटीएलएम हे तुत्सींविरुद्ध चिथावणारं रेडिओ केंद्र सुरू, ऑगस्टमध्ये अरुशाचा शांतता करार, ११ जानेवारी १९९४ ला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल दालेर यांची शस्त्रसाठ्याबद्दलची तार, ७ एप्रिलला कत्तलीला सुरुवात, २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० वर आणणं. चार-चार मुलांचे गट करा: शिक्षक, दुकानदार, रेडिओतला तंत्रज्ञ, पोलीस, ग्रामसेवक, परदेशी वकिलातीतला अधिकारी, नर्स. प्रत्येक तारखेला आपल्या हातात नेमकं काय होतं, ते गटाने एका वाक्यात लिहायचं. 'सरकारने काहीतरी करायला हवं होतं' हे वाक्य बाद.

कलमदान
वरच्याला कायद्याची जोड देतो, कारण 'वंशसंहार' हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरला जातो.

कराराच्या कलम २ मध्ये पाच कृत्यं आहेत: गटातल्यांना ठार मारणं, गंभीर शारीरिक वा मानसिक इजा, गट नष्ट व्हावा अशी जीवनस्थिती लादणं, जन्म रोखणं, मुलं हिरावून दुसऱ्या गटाला देणं. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट 'तो गट म्हणून' पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय गट यात नाहीत. मृतांचा किमान आकडा कुठेच दिलेला नाही. हे दोन मुद्दे मुलांना हमखास चकवतात.

भारताने करार १९५९ मध्ये अनुसमर्थित केला, पण देशात त्यासाठी वेगळा गुन्हा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या खटल्यात ही उणीव स्पष्ट बोलून दाखवली. त्यामुळे गोव्यात तक्रार करायची तर हाताशी भारतीय न्याय संहितेची १९६ (गटांत वैर पसरवणं), २९९ (धार्मिक भावना दुखावणं), ३५३ (चिथावणारी विधानं, अफवा) अशी कलमं. राज्य मानवी हक्क आयोगाचा पर्याय आहेच, पण घटना वर्षाहून जुनी असेल तर आयोग चौकशी करू शकत नाही. ही मुदत लोकांना ठाऊक नसते.

इन्क्विझिशन घ्या, पण 'वंशसंहार' असं शीर्षक देऊन नको. करारातून सांस्कृतिक संहार (माणसं न मारता धर्म, भाषा, चालीरीती पुसणं) १९४८ साली मसुद्यातच वगळला गेला. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडून, हे न्यायासन गोव्यात चाललं. खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट झाले, म्हणून बळींचे छातीठोक आकडे सांगणाऱ्याला पुरावा विचारा. मुलांसमोर १७३६ चं फर्मान ठेवा. धोतर, तुळस, लग्नातल्या ओव्या यांवर बंदी. छळ रोजच्या जगण्यात कसा शिरतो हे त्यातून दिसतं, आणि आजच्या कुठल्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागत नाही. दोन्ही बाजूंचे पालक थोडे नाराज होतील. होऊ द्या.

नोंदवही
वंशसंहाराचे 'दहा टप्पे' शिकवणार असाल तर जिना म्हणून शिकवू नका. ते वंशसंहाराचे अभ्यासक ग्रेगरी स्टँटन यांचे, आणि टप्पे एकाच वेळीही चालू असतात असं तेच सांगतात. प्रत्यक्ष विश्लेषणात संयुक्त राष्ट्रांची २०१४ ची चौकट अधिक उपयोगी पडते: १४ जोखीम घटक, त्यातले ८ सामाईक.

नोकरीबद्दल. कामाचे ढोबळ प्रकार म्हणजे नोंदणी, विश्लेषण, प्रशिक्षण, कायदेशीर पाठपुरावा. शिरकाव बहुधा नोंदणीतून होतो, आणि तिथे कळवळ्यापेक्षा शिस्त बघतात. समजा, वाड्यावरच्या व्हॉट्सॲप गटात 'भंगारवाल्यांना थारा देऊ नका' असा ऑडिओ आला. नोंदीत काय हवं? ऐकल्याची तारीख-वेळ, गटात अंदाजे किती माणसं, शब्द जसेच्या तसे, बोलणाऱ्याचा हुद्दा (सरपंच की कुणी पोरगा, याने खूप फरक पडतो), नंतर काय घडलं. स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव यांचे रकाने वेगळे. मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका. लगेच तिचं एसएचए-२५६ मूल्य (फाइल बदलली की बदलणारा, तिचा जणू डिजिटल ठसा) काढून लिहून ठेवा. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात हे मूल्य द्यावं लागतं. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की कॅमेऱ्याची माहिती गळून पडते, तेव्हा साक्षीदाराला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साक्षीदाराचं नाव त्याच तक्त्यात कधीच नको. सांकेतिक क्रमांक द्या, त्याची किल्ली दुसरीकडे.

त्या मुलींना सांगा: इंग्रजी लागेलच, पण कोंकणी-मराठी-कन्नड-हिंदी नीट ऐकून लिहिता येणारी माणसं कमी मिळतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची इंटर्नशिप पदवीच्या काळात करता येते. हिंसेचे व्हिडिओ तपासायचं काम असेल तर आवाज बंद, चित्र छोटं आणि कृष्णधवल, झोपण्याआधी नाही.

अंत्रुजकर
खूप आभार. एकच राहिलं: एखाद्या मुलाने वर्गातच तसला फॉरवर्ड वाचून दाखवला तर?

चिठ्ठीवाला
गप्प बसवू नका, मजकूर फळ्यावरही लिहू नका. द्वेषाची चिथावणी ओळखण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात आराखड्यातले सहा प्रश्न लावा: संदर्भ काय, बोलणारा कोण, हेतू, मजकूर नि त्याचा सूर, पोहोच किती, आणि त्यातून इजा होण्याची शक्यता किती. प्रत्येक गटाला एक प्रश्न द्या, दहा मिनिटं. सहावी-सातवी ओळ लिहीपर्यंत वाचणाऱ्या मुलाचा आवाज खाली येतो. आला नाही तर तास संपल्यावर त्याच्याशी एकट्याशी बोला, वर्गासमोर नाही.