टायपिंगच्या दुकानाला कुठला कॉम्प्युटर घ्यावा?

खानापूरकर: आमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, अर्ज मराठी कन्नड दोन्हीत करावे लागतात, जुना पीसी विंडोज १० चा आहे आणि आता लई अडकतोय, बजेट ३५ हजार, असेंबल करू की लॅपटॉप घेऊ सांगा की ओ.

निपाणीवाला: दुकानाला लॅपटॉप नको ओ. डेस्कटॉपचा कीबोर्ड गेला तर दुसरा जोडून काम सुरू. आय३ नाहीतर रायझन ३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज), बास. ग्राफिक कार्डावर पैसे घालवू नका, पण यूपीएस घ्याच, सेव्ह न केलेलं सगळं लाईट गेली की जातंय.

टिळकवाडी: विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं आता विंडोज ११ चालणारा पीसी पाहिजे. सेकंडहँड घेणार असाल तर त्यासाठी इंटेलचा ८ व्या जनरेशनचा तरी प्रोसेसर आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बघूनच घ्या. आणि टायपिंग युनिकोडमध्येच (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट वाचता येणारी अक्षरं) करा, मराठी कन्नड दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत, विंडोज की आणि स्पेस दाबलं की बदलतंय. जुन्या फॉन्टातली फाईल दुसरीकडं उघडली की अक्षरं विस्कटतात.

खानापूरकर: जुन्यातच एसएसडी टाकली तर भागेल काय?

निपाणीवाला: वेग नक्की वाढेल. पण प्रोसेसर चौथ्या जनरेशनचा वगैरे असेल तर विंडोज ११ चा प्रश्न राहतोच, आणि तुमच्याकडं लोकांची आधार, उताऱ्याची कागदं असतात, नवीनच घ्या.