"मनापासून केलं तर वजन उतरतंच" म्हणणाऱ्यांसाठी (लांबलचक आहे, सांभाळून घ्या)

खमंग_काकडी:
परवा सिंहगड_रविवार यांनी इथे फोटो टाकले, आधीचा आणि नंतरचा. नऊ महिन्यांत ८६ वरून ७२, जिम नाही, डॉक्टर नाही, दिवसातून दोनदा जेवण आणि रविवारी सिंहगड. आणि शेवटी हे वाक्य, "ज्यांचं होत नाही त्यांना मनापासून करायचंच नसतं, बाकी सगळी कारणं." अभिनंदन तुमचं, फोटो छान आहेत. पण त्या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतेय, तिकडे अभिनंदनाच्या रांगेत मिठाचा खडा नको.

वजन मी पण उतरवलंय हो. जीएम डायट झालं, कीटो झालं, संध्याकाळी सहानंतर तोंडाला कुलूप झालं, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत आटपायचं जेवण झालं. उतरतं की! राहत नाही, ही तक्रार आहे. माझे ब्लाउज उलटे करून बघा, शिलाईच्या बाजूला शिलाई आणि मध्ये उसवलेल्या टाक्यांची भोकं. टेलरबाई आता न विचारताच भरपूर माया ठेवतात, म्हणतात ताई तुमचं काही सांगता येत नाही.

आणि दर वेळी सुरुवात कुणाच्या तरी बोलण्याने झालीय. रक्ताचे रिपोर्ट माझे आजपर्यंत नॉर्मल आहेत, ते कुणी विचारत नाही. लग्न निघालं घरात की "तोवर काहीतरी कर ना ग, फोटो कायमचे असतात." मग दोन महिने उपाशी, केस गळतात, चिडचिड, फोटो छान येतात, आणि दिवाळीपर्यंत सगळं परत, वर दोन किलो व्याज. उतरलं की "अय्या किती बारीक, आता थांबू नको हं." चढलं की "परत सुटलीस की." नक्की कुठे थांबलेलं चालतं ते एकदा सगळ्यांनी मिळून ठरवून कळवा.

सिंहगड_रविवार:
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. ताई, जीएम म्हणजे आठवडाभर कोबीचं सूप आणि केळी, त्याला डायट म्हणतच नाहीत. तुम्ही दर वेळी शॉर्टकट घेतला आणि दर वेळी तो फसला, यात माझ्या वाक्याचा काय दोष? आणि लोक बोलतात म्हणून रडायचं असेल तर माझंही ऐका. माझ्या वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला. आयुष्यभर सगळे "खात्यापित्या घरचा माणूस" म्हणून पाठ थोपटत राहिले, एकानेही तोंडावर सांगितलं नाही. मला ऑफिसात ढेरपोट्या म्हणायचे, त्या रागावरच मी चढलो सिंहगड. गोड बोलून कुणी सुधारत नाही.

कंपाउंडर:
दोन्ही बाजूंनी भावना ओतून झाल्या असतील तर थोडं शरीराचं पण ऐकू. वजन झपाट्याने उतरवलं की शरीर दुष्काळ पडला असं समजतं, भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. अमेरिकेत वजन घटवायचा टीव्ही शो होता, द बिगेस्ट लूजर, त्यातल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी केली केव्हिन हॉल या संशोधकाच्या टीमने, २०१६ ला आलं ते. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, पण बसल्या जागी कॅलरी जाळण्याचा वेग मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरीने कमीच राहिलेला. म्हणजे शेजारचा तेवढ्याच वजनाचा माणूस जे खाऊन जागच्या जागी राहतो, तेच खाऊन हे फुगणार. यात "मनापासून" कुठे बसवायचं ते सांगा.

सिंहगड_रविवार:
चौदा माणसं! तीही टीव्हीवरची, दिवसाला कित्येक तास पळवलेली. त्यावरून तुम्ही अख्ख्या महाराष्ट्राला सूट देऊन टाकली.

कंपाउंडर:
चौदा कमीच आहेत, मान्य. तुमचा नमुना किती जणांचा आहे?

(आणि हे तुमच्या फायद्याचं आहे म्हणून हात आखडता घेऊन देतोय, त्याच मंडळींमध्ये ज्यांनी वजन राखलं ते बाकीच्यांपेक्षा खूप जास्त हालचाल करत होते असंही पुढे निघालं. तेव्हा सिंहगड सोडू नका.)

सिंहगड_रविवार:
घ्या! म्हणजे मी बरोबर. एवढं वाकडं कशाला जायचं मग.

सोलापुरी_चादर:
दादा एक साधा प्रश्न. तुम्ही लिहिलंय दोनदा जेवण, आधी सुकामेवा, मग सॅलड, मग मोड आलेली कडधान्यं, मग पोळीभाजी. ती मटकी कोण भिजवतं? फडक्यात कोण बांधतं? सॅलड कोण चिरतं? आणि ५५ मिनिटांत सगळं आटपायचं म्हणजे पानावर सगळं एकदम तयार पाहिजे, गरम पोळी पण त्याच वेळात. ते कोण करतं?

सिंहगड_रविवार:
बायको करते. आनंदाने करते. तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?

सोलापुरी_चादर:
मला काहीच नाही, तिला विचारा. आमच्याकडे नवऱ्याने साखर बंद केली, सासऱ्यांना मीठ कमी, मुलाला पनीर, सासूबाईंचा गुरुवार. चार स्वयंपाक. आणि मी? कुकरच्या तळाशी राहिलेला वरणभात, मुलाने अर्धी टाकलेली पोळी, टाकवत नाही म्हणून. तूप कढवलं की भांड्याला बेरी राहते, ती साखर घालून उभ्या उभ्या ओट्यापाशीच खायची, ती कुठल्या ॲपमध्ये लिहू? घरात सगळ्यांची वजनं माझ्या हातून कमी होतायत आणि वर सगळे मिळून मला सांगतात की तुझ्यात इच्छाशक्ती नाही. मला पीसीओडी आहे, म्हणजे हार्मोन्सचा त्रास, त्यात वजन वाढतं; लग्नाआधी बघायला आलेल्या मुलांच्या आयांनी माझ्यासमोर माझ्या आईला विचारलंय, "पुढे अजून वाढेल का ही?" मी काय भाताचं पीक आहे?

खमंग_काकडी:
हे मी लिहायला हवं होतं. बेरीवरून तर हसू आणि रडू एकदमच आलं.

मालवणी_मुद्दाम:
एक शंका. ही बेरी मुलांना न देता एकट्याने खाल्ली तर पाप लागतं ना?

सोलापुरी_चादर:
मुलांना मिळतेच, तुमच्यासारख्यांनाच मिळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
काऊन भांडून राह्यले राजेहो. पण बाईचा मुद्दा खरा हाय. माझ्या नवऱ्यानं वजन कमी केलं तवा गावभर सत्कार झाला त्याचा, कोनी मले नाई विचारलं का ज्वारीच्या भाकरी कोन थापे. आन मी वजन कमी कराले लागली तं म्हने आता घरात कोनी नीट जेवाव का नाई?

सिंहगड_रविवार:
कमाल आहे. मी वजनावर लिहिलं, तुम्ही माझ्या संसारात शिरलात. आता बायकोने मटकी भिजवली की तो अत्याचार. मटकी भिजवायला दोन मिनिटं लागतात हो!

डबा_नंबर_४२:
मग तुम्हीच भिजवा ना दोन मिनिटं काढून. मी एकटा राहतो, पुण्यात. डबा लावलाय. डब्याच्या भाजीवर तेलाचा तवंग, पोळ्या चार, भात वेगळा. काकूंना म्हटलं तेल कमी करा तर म्हणाल्या, बाकीचे २० जण तक्रार करतील. वजन वाढलं म्हणून आई दर फोनला विचारते "बारीक झालास का रे", आणि गावी गेलो की पहिल्या ताटात पुरणपोळी, दुसरी वाढताना "एवढीशी तर आहे." खाल्लं तर सुटलाय, नाही खाल्लं तर शहरात गेल्यापासून माजलाय. मी शेवटी स्वतः करायला लागलो. वजन उतरलं नाही, पण ओटा पुसायला किती वेळ लागतो ते कळलं.

परसिपनीवाली:
न्यू जर्सीहून लिहितेय. इकडे तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण मुंबईला उतरून सामान गाडीत टाकायच्या आत मावशी म्हणते "तिकडचं चीज दिसतंय." इकडे आता सगळे वजन उतरवायच्या इंजेक्शनवर आहेत, आमच्या महाराष्ट्र मंडळात पण, फक्त सांगत नाहीत, "वॉक वाढवला" म्हणतात. तुमच्याकडे पण आलंय ना त्यातलं मौंजारो? घ्या आणि सुटा, एवढं भांडण कशाला.

कंपाउंडर:
मार्च २०२५ ला आलं. "घ्या आणि सुटा" एवढं सोपं नाहीये. याच जातीचं दुसरं औषध, सेमाग्लुटाइड, त्याच्या चाचणीतल्या लोकांनी ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे हेही चढउतारच, फक्त महाग. आणि ढेरपोट्या म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची गोष्ट. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांनी शर्टातले फोटो छापले. नुसतं बघून कोण तब्येतीने बरा ते ओळखा. तेव्हा लग्नाच्या मांडवात एक्सरे मशीन बनून फिरणाऱ्या काकूंनी जरा दमाने घ्यावं.

सिंहगड_रविवार:
म्हणजे बारीक माणूस पण आजारी, जाड माणूस पण आजारी, मग करायचं काय, बसायचं?

कंपाउंडर:
वडिलांचा इतिहास आहे तुमचा, तुम्ही केलंत ते उत्तमच केलंत. लिपिड (रक्तातली चरबी), शुगर बघत राहा. प्रश्न तुमच्या वाक्याचा होता.

खमंग_काकडी:
आणि नऊ महिनेच झालेत ना? तीन वर्षांनी परत फोटो टाका. ७२ असाल तर मी स्वतः सिंहगडावर येऊन तुम्हाला पिठलं भाकरी देईन, दह्यासकट.

सिंहगड_रविवार:
शाप देताय की आमंत्रण? बरं, वाक्य बदलतो. "ज्यांचं होत नाही त्यांच्यापैकी काहींना करायचं नसतं." झालं समाधान? आणि ढेरपोट्या म्हणणाऱ्यांचे मी आभार मानलेले नाहीत, राग आला एवढंच म्हटलं. ते अजून म्हणतात. आता "खंगलास, शुगर तर नाही ना?" म्हणतात.

खमंग_काकडी:
बघा! आता आलात आमच्यात.

सिंहगड_रविवार:
येत नाहीये. आणि मटकीचं सांगतो, आजपासून मी भिजवतो. रात्री भिजत घातली, सकाळी उपसून बांधली, संध्याकाळी मोड. यात काय रॉकेट सायन्स आहे.

सोलापुरी_चादर:
संध्याकाळी मोड उन्हाळ्यात. डिसेंबरात पुण्यात बांधून बघा, दुसऱ्या दिवशी पण ढिम्म असते. डब्यात घालून, वर जाड टॉवेल गुंडाळून, फ्रीजच्या मागे उबेला ठेवावी लागते. आणि वेळेत काढली नाही तर आंबूस वास येतो, मग ते फडकं कोण धुतं?

वऱ्हाडी_ठेचा:
ते फडकं आमच्याकडं नवरा पोछ्याले घेते.