किवी ब्राउझर बंद पडला, तरी फोनमधे ठेवायचा का?

गोदाकाठचा
जानेवारी 2025 मधे किवीचं काम थांबलं, तरी मी अजून तोच वापरायलो, काहून बदलावा? फोनवरच्या क्रोममधे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं जादा सॉफ्टवेअर) टाकता येत न्हाई, किवीत थेट क्रोमच्या वेब स्टोअरवरनं येतंय. अॅड्रेस बार खाली, अंगठ्यापाशी. अन् नाईट मोड तर असा की कॉन्ट्रास्ट आपल्या हिशोबानं ठेवायचा, रात्री लाईट गेल्यावर पेपर वाचत पडलं की डोळे चुरचुरत न्हाईत. गुणाचं ब्राउझर होतं राव.

लातूरी_पॅटर्न
होतं! तुम्हीच म्हणलात. क्रोम अन् किवी ज्याच्यावर बनलेत त्या क्रोमियमची नवी आवृत्ती दर काही आठवड्याला येती, सिक्युरिटी पॅच (दुरुस्त्या) मधेच वेगळे, अन् किवी आवृत्ती 132 वरच अडकून बसलाय. सिक्युरिटीत भोक सापडलं की बाकीचे ब्राउझर बुजवतात अन् मग त्याची माहिती जगाला खुली होती, म्हणजे चोराला तुमच्या घराचा नकाशा फुकटात.

गोदाकाठचा
बँकेचं काम त्यात करतंय कोण? त्याला अॅप हाय. मी नुसतं वाचतो.

मोसंबी_जालना
नुसतं वाचतो म्हणणारेच मेल उघडा ठेवतात त्यात 😄 अन् एक्स्टेन्शनला प्रत्येक पेज वाचायची परवानगी आपणच देतो, ते कुणी बघतंय का? तरीबी गोदाकाठचाचं एक पटतं, दुसरीकडं तसा नाईट मोड मला घावला न्हाई. पण मुळात एका माणसाच्या जिवावर चाललेलं काम होतं ते, 2018 पासून. 2020 ला कोड खुला केला तरी ओझं त्याच्याच डोक्यावर. फुकट वापरलं आपण सगळ्यांनी, आता त्याला नावं ठेवण्यात अर्थ न्हाई.

लातूरी_पॅटर्न
त्याला कोण नावं ठेवायलंय? त्यानं तर एक्स्टेन्शनचा कोड मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधे गेलाय, तिकडं जा असं सरळ सांगितलं. न्हाईतर फायरफॉक्स घ्या, डिसेंबर 2023 पासून त्यात शेकड्यानं एक्स्टेन्शनं हायेत, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन चालतं, अॅड्रेस बार पण खाली घेता येतो.

गोदाकाठचा
फायरफॉक्स माझ्या जुन्या फोनवर रडतंय, दोन टॅब उघडले की पहिला परत लोड. एजमधे नको त्या बातम्यांचा बाजार. किवी उघडला की कामाला लागतो.

मोसंबी_जालना
बातम्या सेटिंगमधनं बंद होतात की. ठेवा किवी, पण लॉगिन सगळे काढा अन् बुकमार्क आजच एक्सपोर्ट करून घ्या. फायरफॉक्सच्या मोबाईल अॅपमधे ती एक्सपोर्ट केलेली बुकमार्कची एचटीएमएल फाईल सरळ जात न्हाई बरं का, आधी कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्समधे घ्यायची अन् मग फोनशी सिंक.