मिरचीचे शेंडे आखडलेत, पानं खाली वळतायत: बोकड्या की कोळी?

हिरवी_कुंडी:
१२ इंची कुंडीत मिरचीची दोन रोपं आहेत, वय अडीच महिने. माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात.

रोप १: शेंड्याची नवी पानं बारीक, अरुंद, कडा खालच्या बाजूला वळलेल्या. देठ मात्र लांब. पान दुमडलं की कट्‌कन तुटतं. कळ्या गळतायत.
रोप २: पानांच्या कडा वर उचलल्यात, होडीसारख्या. पानांवर चंदेरी ओरखडे.

दोन्हींची खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी, शिरा हिरव्या. किडा डोळ्यांनी दिसत नाही. इमिडाक्लोप्रिड दोनदा फवारलं, फरक शून्य. ४ दिवसांपूर्वी कडुनिंबाचं तेल फवारलं. फुलं यावीत म्हणून ०:०:५० (पोटॅशचं खत) दर आठवड्याला २ ग्रॅम प्रति लिटर देतोय. हा बोकड्या, म्हणजे पानं आखडवणारा विषाणू असेल तर रोपं उपटायची का?

पानाची_मागची_बाजू:
उपटू नका. दोन रोपांना दोन वेगळे त्रास आहेत.

रोप १ वर कोळी (माइट, पानाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव) आहे. तोही जाळी विणणारा लाल कोळी नव्हे, शेंड्यात लपणारा फिकट पिवळसर कोळी. कडा खाली, देठ लांब, पान ठिसूळ, ही त्याचीच खूण. रोप २ वर फुलकिडे आहेत. ते पान खरवडतात, म्हणून चंदेरी ओरखडे आणि कडा वर.

खात्री अशी करा. रोप २ च्या शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीला चार-पाच टिचक्या मारा. सुमारे १ मिलिमीटर लांबीचे, सुतळीच्या तुसासारखे पिवळट जीव कागदावर चालू लागले तर ते फुलकिडे. रोप १ ला कागदाचा उपयोग नाही, कारण हा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. सर्वांत कोवळं, अजून न उलगडलेलं पान तोडा आणि त्याची मागची बाजू किमान २० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहा. पान पूर्ण वाकडं झालं की कोळी पुढच्या कोवळ्या पानावर गेलेला असतो. म्हणून जास्त बिघडलेलं पान तपासलं की हाती काही लागत नाही आणि मग सगळे विषाणूवर खापर फोडतात.

गंधक_आणि_साबण:
रोप १ वर इमिडाक्लोप्रिड चालणारच नव्हतं. ते कीटकांवरचं औषध. कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. उलट कोळ्यांना खाणारे मित्रकीटक अशा फवारणीत मरतात आणि कोळी मोकाट सुटतो. तिसऱ्यांदा फवारू नका.

या कोळ्यावर ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक उत्तम, २ ग्रॅम प्रति लिटर. पण थांबा, तुम्ही ४ दिवसांपूर्वी तेल मारलंय. तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं भाजतात. तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असतानाही गंधक मारायचं नाही.

तोवर रोप १ चे आखडलेले शेंडे ५ ते ७ सेंटिमीटर छाटा, जागेवरच पिशवीत घालून तोंड बांधा. कात्री आणि हात साबणाने धुऊन मगच दुसऱ्या रोपाला हात लावा. पोटॅशचा बागकामाचा द्रव साबण १० मिली प्रति लिटर, संध्याकाळी, पानांच्या मागून आणि शेंड्यात, पाणी ठिबकेपर्यंत. आधी एका फांदीवर मारून २४ तास बघा. दर ४ दिवसांनी पुन्हा, कारण उष्ण हवेत या कोळ्याची एक पिढी आठवड्याच्या आत पुरी होते. भांडी घासायचा साबण वापरू नका, त्याने पानांवरचा मेणाचा थर निघतो.

रोप २ ला हीच साबणाची फवारणी चालेल, पण दर ५-६ दिवसांनी, किमान तीनदा. फुलकिडे अंडी पानाच्या आत घालतात, तिथवर साबण पोचत नाही. पहिल्या फवारणीनंतर जे बाहेर येतील त्यांच्यासाठी पुढच्या दोन. कोषावस्था बहुतेक मातीत जाते, म्हणून वरचा पालापाचोळा काढून टाका.

मुळापासून:
खालच्या पानांचा किडीशी संबंध नाही. जुनी पानं शिरांमधे पिवळी म्हणजे मॅग्नेशियम कमी पडतंय. (नव्या पानांवर हेच दिसलं असतं तर लोह म्हटलं असतं.) कारण तुमचं ०:०:५० आहे. पोटॅश जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम कमी उचलतात, त्यात कोकोपीटही ते धरून ठेवतं. खत तीन आठवडे बंद करा. मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर, पानांवर, १० दिवसांच्या अंतराने दोनदा. साबणाच्या पाण्यात मिसळू नका, साबण फाटतो. कळ्या कोळ्यामुळे गळतायत, त्या जास्तीच्या पोटॅशने थांबणार नाहीत.

हिरवी_कुंडी:
कागदावर ७-८ जीव चालताना दिसले. भिंगाखाली रोप १ च्या कोवळ्या पानामागे पारदर्शक अंडी आहेत, त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. छाटणी केली. पण वाकडी पानं सरळ कधी होतील? आणि खरा बोकड्या ओळखायचा कसा?

पानाची_मागची_बाजू:
ठिपक्यांची अंडी म्हणजे तोच कोळी, आता शंका नको.

वाकडी पानं सरळ होत नाहीत. कोळ्याच्या लाळेचा परिणाम तो मेल्यावरही दोन-तीन आठवडे टिकतो, त्यामुळे पहिली फूटही थोडी वेडीवाकडी येईल. तेवढ्यावरून औषध बदलू नका. त्यानंतरची पानं सपाट आली की जिंकलात. पूर्ण वाढलेली हिरवी पानं तोडू नका, झाडाला अन्न तीच देतात.

बोकड्यात शिरा जाड होतात, पेरं आखूड पडतात, रोप झुडपासारखं गुच्छ करतं आणि तीन आठवडे कीड नसतानाही नवी फूट तशीच येते. तो पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही. तसं दिसलं तर आधी रोपावर पिशवी चढवा, मग उपटा, म्हणजे माशा शेजारच्या रोपावर उडणार नाहीत. हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटूनही प्रवास करतो. त्यामुळे पिवळा चिकट सापळा रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर आजच टांगा.

गंधक_आणि_साबण:
गंधकाची पाळी आलीच तर फवारणीआधी तोडण्याजोग्या मिरच्या काढून घ्या आणि पुन्हा कधी तोडायच्या ते पाकिटावर लिहिलेल्या दिवसांप्रमाणे ठरवा.