सेप्टिक टँक, मशीन की कर्दळीचा वाफा? (आमच्या कॉलनीचा ग्रुप, इंदूर)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गेल्याच महिन्यात टँक उपसला, तरी चेंबर पुन्हा काठोकाठ. ड्रेनेज लाइन आपल्या टोकापर्यंत कधी येईल ते कोणी सांगत नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या मशीनवाल्या प्लांटचं कोटेशन आलंय. मतं कळवा.

काका (प्लॉट 12): घेऊन टाका. 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, आणि आपलं पाणी अजून मागच्या नाल्यात. बरं दिसत नाही.

अण्णा (प्लॉट 7): थांबा जरा. दोष टँकचा नाही, खालच्या काळ्या मातीचा आहे. पावसात ती फुगते आणि शोषखड्ड्यातलं पाणी जिरतच नाही. आणखी दहा खड्डे खणा, पावसाळ्यात हेच होणार.
मशीनमधल्या जिवाणूंना सतत हवा लागते, म्हणजे ब्लोअर चालूच ठेवायचा. लाइट बराच वेळ गेली की पाण्याला वास सुटतो. वर ऑपरेटरचा पगार. चाळीस घरांनी हे दरमहा कशाला ओढायचं?

काकू (प्लॉट 3): मग करायचं काय अण्णा? मे महिन्यात झाडांसाठी टँकर विकत घेतो आणि घाण पाणी उपसायला दुसरा टँकर बोलावतो. दोन्हीकडून पैसे जातात.

अण्णा (प्लॉट 7): काकू, अगदी हेच म्हणायचंय मला. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर, पाचशे मीटरहून जास्त चढ चढून इंदूरला येतं. ते एकदाच वापरून नाल्यात सोडायचं हे मनाला पटत नाही.
हिशेब बघा. 40 घरं, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर. त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं तर रोज 17,000 लिटरच्या आसपास.
मशीनऐवजी कर्दळीचा वाफा करू. आधी बंद टाकी, तिथे गाळ बसतो. मग भिंती घालून केलेले कप्पे. पाणी प्रत्येक कप्प्यात तळाशी जाऊन गाळातून वर चढतं, आणि हवेविना जगणारे जिवाणू घाण खातात. शेवटी खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ. उतार साधला तर पंपही नको. माणशी एक ते दीड चौरस मीटर वाफा धरा. बागेमागची पट्टी मी टेप लावून पाहिली, पुरते.

प्लॉट 19: अण्णा, मुलं तिथेच खेळतात. डासांचं काय?

अण्णा (प्लॉट 7): बरोबर विचारलंस गं. पाणी खडीच्या वर येऊच द्यायचं नाही, आतूनच वाहतं. उघडं पाणी नाही तर डास अंडी कुठे घालणार? वास कप्प्यांतून येतो, म्हणून झाकणं घट्ट आणि व्हेंट पाइप उंच हवा.
मात्र जंतू यात पूर्ण मरत नाहीत. कोथिंबीर-पालकाला हे पाणी द्यायचं नाही, फवारायचंही नाही. झाडांच्या मुळाशी ड्रिपनं द्यायचं.

काका (प्लॉट 12): म्हणजे देखभाल काहीच नाही?

अण्णा (प्लॉट 7): आहे ना. गाळ दोन-तीन वर्षांनी काढायचा, कर्दळ छाटायची. आणि सगळ्यात आधी तेल अडवायचं. काल आपल्या चेंबरचं झाकण उचललं, तर वर दोन बोटं जाड, पांढरा, सायीसारखा थर. तो खडीत गेला की वाफा तुंबलाच. स्वयंपाकघराच्या लाइनवर तेलाचा चेंबर हवाच.

काकू (प्लॉट 3): कढईतलं तेल आधी कागदानं पुसून मग घासायची. आमच्याकडे आजपासून सुरू.

प्लॉट 19: आमच्याकडेही.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी 11 वाजता बागेत मीटिंग. मशीनच्या कोटेशनवर तोवर सही करत नाही. अण्णा, टेप आणि नकाशा घेऊन या. पट्टीवर ज्यांच्या गाड्या असतात त्यांनी शनिवारी रात्रीच काढून ठेवाव्यात, उतार मोजायचा आहे.