नेदरलँड्सशी आपलं नातं द्राक्षाच्या पेटीपुरतंच का?

पिंपळगावकर: 2010 साली नाशिकची द्राक्षं युरोपात अडली ती क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे वाढ रोखणाऱ्या आपल्या सीसीसी या रसायनामुळे. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची मोठी छाटणी) शेंडा थांबवून काडीत घड धरायला मारतात तेच. फळात राहणाऱ्या त्याच्या अंशाची युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. इथला रिपोर्ट चोख, तिकडे माल नापास! नेदरलँड्समधल्या आपल्या दूतावासाने अशा याद्या आधी मिळवाव्यात. हेगच्या गांधी सेंटरमध्ये, म्हणजे भारताच्या तिथल्या सांस्कृतिक केंद्रात, योग नि नृत्याचे वर्ग भरवून बागाईतदाराच्या पदरात काय पडतं?

गोदाकाठ: ते सेंटर द्राक्षं विकायला नाहीच, भाऊ. 5 जून 1873 ला 'लाला रुख' जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन सुरिनामला लागलं. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज हॉलंडला आले, हेगमध्ये तर बरेच. घरात अजून सरनामी बोलतात, भोजपुरी-अवधीतून घडलेली. त्यांच्यासाठी भारताने ओसीआय कार्डाची (परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड) सवलत चौथ्या पिढीवरून सहाव्या पिढीपर्यंत नेली. याला राजनैतिक संबंध नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? तिथल्या लायडन विद्यापीठात संस्कृतचं अध्यासन 1865 पासून आहे, हे वेगळंच.

पिंपळगावकर: जिव्हाळा मान्य. पण जिथे आपला माल उतरतो त्या रॉटरडॅम बंदराचा खरेदीदार देठ हिरवा आहे का ते बघतो, आडनाव नाही.

पॅकहाउस: देठ हिरवा ठेवणं दूतावासाच्या हातात नाही. 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्र-सुएझचा मार्ग टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे भरण्याआधी थंड करताना, माल शून्य-एक अंशापर्यंत न उतरवता कंटेनर भरला तर पेटीत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. बुरशी रोखायला पेटीत ठेवलेल्या सल्फरच्या पॅडमधून गॅस जास्त सुटला तर मणी देठाकडून पांढरे पडतात; कमी पडला तर पुन्हा बुरशीच. दक्षिण आफ्रिकेच्या मालाला मात्र सुएझची गरजच नाही.

गोदाकाठ: आणि फळातल्या रसायनांच्या अवशेषांची मर्यादा युरोपियन युनियन ठरवतं, एकटं नेदरलँड्स नव्हे. भांडायचं तर युनियनच्या मुख्यालयी, ब्रुसेल्सला जा, हेगवर राग का?

पिंपळगावकर: मर्यादा ब्रुसेल्सची, पण कंटेनर उघडतो रॉटरडॅमला. आधी तिथल्या माणसाशी ओळख ठेवा म्हणतोय मी.